पुबेलचा डबा आणि धुण्याचे पाणी

१

फ्रेंच भाषेत कचऱ्याच्या डब्याला ‘पुबेल’ म्हणतात. हा शब्द मुळात एका माणसाचे आडनाव आहे, हे तो रोज वापरणाऱ्या बहुतेकांच्या ध्यानीमनीही नसते. यूजेन पुबेल (१८३१–१९०७) हा कायद्याचा प्राध्यापक. १८८३ साली तो पॅरिसचा, म्हणजे तत्कालीन ‘सेन’ जिल्ह्याचा, प्रिफेक्ट झाला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्याने एक फर्मान काढले: प्रत्येक घरमालकाने आपल्या भाडेकरूंसाठी झाकण असलेला कचऱ्याचा डबा पुरवावा. वृत्तपत्रांनी चेष्टेने त्या डब्यालाच ‘पुबेलचा डबा’ म्हणायला सुरुवात केली. काही वर्षांतच तो शब्द कोशात गेला आणि माणूस मागे पडला. एखाद्या शासकाच्या वाट्याला याहून विचित्र अमरत्व क्वचितच आले असेल.

नागरी स्वच्छतेच्या इतिहासात ही कथा नेहमी एका सुखान्त कथेसारखी सांगितली जाते. रस्त्यावर कचरा होता, मग डबा आला, आणि रस्ता स्वच्छ झाला. परंतु डबा ही वस्तू स्वतःच मळते. तिच्या तळाशी चिकट रस साचतो, कडांना बुरशी धरते, झाकणाखाली माश्या अंडी घालतात. म्हणून तो धुवावा लागतो. आणि धुतल्यावर जे पाणी उरते ते कोठे जाते, हा प्रश्न या सुखान्त कथेत बहुधा विचारलाच जात नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तेवढाच आहे. डब्याने घाण नाहीशी केली नाही. तिचे एक स्थानांतर केले. त्या स्थानांतराचा अखेरचा मुक्काम पुष्कळदा नदी हाच राहिला आहे.

२

पुबेलपूर्वीचे पॅरिस डब्याच्या कल्पनेला अगदीच अपरिचित होते असे नाही. १५३९ साली पहिल्या फ्रान्स्वा राजाने काढलेल्या आज्ञेत घरातील केर रस्त्यावर न टाकता टोपल्यांत भरून ठेवावा, असे म्हटले होते. आज्ञा कागदावर राहिली. पुढची तीन शतके पॅरिसच्या घरांतील केर संध्याकाळी दाराबाहेर ढिगाने पडे आणि पहाटे गाडीवाले तो उचलून शहराबाहेरच्या शेतांकडे नेत. मधल्या रात्रीच्या तासांत त्या ढिगावर एका वेगळ्याच वर्गाचा हक्क चाले. कंदील, आकडा आणि पाठीवर टोपली घेऊन फिरणारे चिंध्यावेचे (फ्रेंचमध्ये ‘शिफोनिए’) त्यातून चिंध्या, हाडे, कागद, काचा, लोखंड वेचून काढत. चिंध्यांचा कागद होई. हाडांपासून गुंड्या, सरस आणि साखर शुद्ध करण्याचा कोळसा होई. शहराने टाकलेले शहरालाच परत विकणारी ही माणसे होती.

साहित्याच्या अभ्यासकांना हा चिंध्यावेचा परका नाही. बोदलेरच्या १८५७ च्या संग्रहात तो एका कवितेचा नायक आहे. पुढे वॉल्टर बेन्यामिनने याच प्रतिमेत आधुनिक कवीचे रूप पाहिले: महानगराने जे फेकले, तुडवले, विसरले, त्याची नोंद ठेवणारा. मात्र या प्रतिमेच्या मोहात पडून आपण एक ठोस गोष्ट विसरतो. चिंध्यावेच्याचे काम कोरड्या वस्तूंवर चाले. ओले, कुजके जे काही उरे त्याचे खत होई, किंवा पावसाबरोबर ते रस्त्याच्या मध्यातून वाहणाऱ्या ओहळात जाई आणि तेथून सेन नदीत. रस्ता धुण्याचे काम पाऊस करत होता आणि धुण्याचे पाणी नदी पीत होती.

१८३२ मध्ये पॅरिसमध्ये पटकीची भयंकर साथ आली. त्याच सुमारास कचरा उचलण्याचा नवा मक्ता देण्यात आला, आणि मक्तेदाराच्या गाड्या आधीच कचरा नेतील तर आपल्या हाती काय उरणार, या भीतीने चिंध्यावेचे रस्त्यावर उतरले; गाड्या मोडल्या गेल्या. कचरा ही केवळ घाण नसून कोणाची तरी उपजीविका असते, हे शासनाला त्या वेळी प्रथम ठसठशीतपणे कळले असावे. पन्नास वर्षांनी पुबेलला तोच धडा पुन्हा शिकावा लागला.

३

पुबेलचे फर्मान आज वाचताना त्याच्या नेमकेपणाचे नवल वाटते. डब्याचा आकार चाळीस ते एकशेवीस लिटर असावा. लाकडी डब्याला आतून पत्रा मारलेला असावा. त्याला झाकण असावे. मूळ योजनेत तर तीन वेगळ्या पात्रांची कल्पना होती: एक कुजणाऱ्या पदार्थांसाठी, दुसरे कागद व चिंध्यांसाठी, तिसरे काचा, फुटकी भांडी आणि (हे खास पॅरिसचे) कालवांच्या शिंपल्यांसाठी. आपल्याकडे घरातील कचऱ्याचे ओला, सुका आणि घातक असे तीन वाटे करण्याचा नियम देशभरासाठी २०१६ साली आला. म्हणजे पुबेलनंतर सुमारे एकशे बत्तीस वर्षांनी.

विरोध तीन बाजूंनी झाला. घरमालक खर्चासाठी कुरकुरले, इमारतीच्या द्वारपालांना, म्हणजे ‘काँसिएर्ज’ना, पहाटे उठून डबे बाहेर ठेवण्याचे नवे काम लागले, आणि चिंध्यावेचे तर उघड संतापले, कारण झाकण हा त्यांच्या पोटावर ठेवलेला दगड होता. मार्च १८८४ मध्ये फर्मान सुधारून निघाले. चिंध्यावेच्यांना गाडी येण्यापूर्वी डबा एका फडक्यावर उपडा करून निवड करण्याची मुभा मिळाली. तीन पात्रांची शिस्त मात्र मागे पडली आणि एकच डबा सर्व काही पोटात घेऊ लागला.

इथे एक क्षण थांबले पाहिजे. तीन पात्रांची योजना टिकली असती तर धुण्याचा प्रश्न एकाच पात्रापुरता उरला असता. कागदाचे पात्र झटकून चालते, काचांचेही चालते. धुवावे लागते ते फक्त कुजणाऱ्या पदार्थांचे. सर्व एकत्र आल्यावर सर्वच ओले झाले. लंडनचे उदाहरण इथे उद्बोधक आहे. डिकन्सच्या ‘अवर म्यूच्युअल फ्रेंड’ (१८६४–६५) या कादंबरीत ज्या ढिगाऱ्यांवर एका घराण्याची संपत्ती उभी आहे ते ‘डस्ट’चे, म्हणजे मुख्यतः कोळशाच्या राखेचे ढीग. ती राख वीटभट्ट्यांना विकली जाई. इंग्रजी ‘डस्टबिन’ या शब्दात आजही ती राख शिल्लक आहे. राखेचा डबा धुण्याची कोणाला फारशी गरज नव्हती. राख स्वतःच ओल शोषून घेत असे. चुली आणि शेगड्या विझल्या, राख संपली, आणि डब्यात उरले ते ओले अन्न. मराठी घरातही भांडी राखेने घासली जात, तोवर चूल हीच स्वच्छतेचे साधन पुरवत होती, हे या संदर्भात आठवावे.

सुधारित फर्मानातील एक अट या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. डबे आतून आणि बाहेरून सतत स्वच्छ ठेवावेत, रिकामे असतानाही त्यांना दुर्गंधी येऊ नये, असे तीत बजावले होते. म्हणजे डबा धुणे हे कायदेशीर कर्तव्य ठरले, आणि ते पार पाडणारा हात अर्थातच मालकाचा नव्हता. द्वारपालाचा, बहुधा त्याच्या बायकोचा होता. पाण्याचे पुढे काय, हा प्रश्न त्या शहरात वेगळा विचारण्याची गरज कोणाला भासली नसावी. अंगणाचा उतार रस्त्याकडे होता, रस्त्याच्या कडेला पन्हळ होती, आणि पन्हळीचे तोंड जमिनीखाली उघडत होते.

४

जमिनीखालचे ते जग ओस्मान आणि त्याचा अभियंता बेलग्रां यांनी १८५० नंतर उभारले होते. व्हिक्टर ह्यूगोने ‘ले मिझेराब्ल’ (१८६२) या कादंबरीत कथानक थांबवून पॅरिसच्या गटारांवर कित्येक पाने खर्ची घातली आहेत. घाईचा वाचक ती ओलांडतो. पण ह्यूगोचा मुद्दा साधा आणि तीक्ष्ण आहे. जे शेताला द्यायचे ते शहर पाण्यात फेकते, नदी नासवते आणि वर स्वतःला सुधारलेले म्हणवते. या नासाडीची किंमत त्याने वर्षाला अडीच कोटी फ्रँक धरली होती.

बेलग्रांच्या मुख्य गटाराने शहरातील घाण शहराखालच्या आस्निएर गावापाशी सेनमध्ये सोडली. पॅरिसच्या पुलांखालचे पाणी निवळले आणि आस्निएरच्या काठावरचे काळे पडले. नदीचे प्रदूषण थांबले नव्हते. ते फक्त शहराच्या नजरेआड, प्रवाहाच्या खालच्या अंगाला गेले होते. पुढे झेनविलिए येथील शेतांवर हे पाणी सोडून जमिनीकडून ते गाळून घेण्याचे प्रयोग झाले. भाजीचे मळे पिकले. आशेर येथील मोठे शुद्धीकरण केंद्र सुरू व्हायला १९४० उजाडले.

या सर्व व्यवस्थेचा पाया एका निर्णयात होता: घरातले सांडपाणी, रस्ता धुतलेले पाणी आणि पावसाचे पाणी एकाच भुयारातून न्यायचे. १८९४ च्या कायद्याने प्रत्येक घर या गटाराला जोडणे सक्तीचे झाले, आणि तो कायदा राबवणारा प्रिफेक्ट पुबेलच होता. डबा आणि गटार ही त्याच्या कारकिर्दीची दोन टोके आहेत. घरमालकांनी दोन्हींना विरोध केला, आणि भाषेने त्यांतले फक्त एक लक्षात ठेवले. पॅरिसचे रस्ते आजही पिण्यायोग्य नसलेल्या पाण्याच्या एका स्वतंत्र जाळ्यातून धुतले जातात. पदपथाच्या कडेला तोंडे उघडतात आणि गुंडाळलेल्या सतरंजीचे तुकडे आडवे ठेवून सफाई कामगार ते पाणी हवे तिकडे वळवतात. ज्या पन्हळीत हे पाणी जाते तीतच अंगणात धुतलेल्या डब्याचे पाणीही जाते, आणि कोरड्या दिवशी दोन्ही शुद्धीकरण केंद्रापर्यंत पोहोचतात.

ओल्या दिवशी मात्र नाही. मुसळधार पावसात एकत्रित गटार भरून वाहते आणि फुटू नये म्हणून त्याची दारे नदीत उघडतात. तेव्हा स्वयंपाकघर, शौचालय, रस्ता आणि डबा यांचे मिश्रण सेनमध्ये उतरते. २०२४ च्या ऑलिम्पिकपूर्वी ऑस्टरलिट्झ स्थानकाजवळ पन्नास हजार घनमीटरची भूमिगत टाकी बांधली गेली ती हे पाणी काही काळ थोपवण्यासाठी. तरीही पावसामुळे पाणी दूषित झाल्याने ट्रायथलॉनची एक शर्यत पुढे ढकलावी लागली. १९२३ पासून बंदी असलेले सेनमधील सार्वजनिक पोहणे जुलै २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाले. पुबेलच्या फर्मानापासून ही वाट एकशे चाळीस वर्षांची आहे.

५

येथून मुंबईकडे वळण्याचे कारण केवळ आपला भाषिक जिव्हाळा नव्हे. पॅरिसने ज्या दशकात डब्याचे फर्मान काढले त्याच दशकात, १८८८ साली, मुंबई महानगरपालिकेचा कायदा झाला. त्यात घरमालकांवर जे कर बसवले गेले त्यांत एकाचे नाव होते ‘हलालखोर कर’. घरातील मैला वाहून नेण्याच्या खर्चासाठी हा कर होता. पॅरिसमध्ये डब्याला अधिकाऱ्याचे नाव मिळाले. मुंबईत कराला वाहून नेणाऱ्या जातीचे. ‘हलालखोर’ या शब्दाचा अर्थ कष्टाची, हक्काची भाकरी खाणारा असा आहे, आणि तो शब्द ज्यांना लावला गेला त्यांना समाजाने कोणता मान दिला हे सांगायला नको. पुढे त्या कराचे नाव बदलून ‘मलनिःसारण कर’ झाले. शब्द शुद्ध झाला. हात फारसे बदलले नाहीत. हाताने मैला उचलण्याला बंदी करणारे कायदे १९९३ आणि २०१३ साली झाले, तरी त्यानंतरही गटारांत उतरून माणसे मेली.

मुंबईची भूमिगत रचना पॅरिसहून मुळातच वेगळी आहे. पॅरिसमध्ये वर्षभरात साधारण सहाशे ते साडेसहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईत चार महिन्यांत दोन हजारांहून अधिक. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, म्हणजे पॅरिसच्या वर्षभराच्या पावसाहून अधिक. एवढे पाणी सांडपाण्याच्या नळांतून नेणे अशक्य. म्हणून पावसाच्या वाहिन्या वेगळ्या, सांडपाण्याच्या वेगळ्या. सांडपाणी उदंचन केंद्रांकडे जाते. पावसाचे पाणी नाल्यांतून, मिठीसारख्या नदीतून, कोणत्याही शुद्धीकरणाविना थेट खाडीला आणि समुद्राला मिळते. पावसाचे पाणी स्वच्छच असणार, हे या रचनेतील गृहीतक. अमेरिकेतील आणि इंग्लंडातील अनेक शहरांतही हीच विभागणी आहे. तेथे काही ठिकाणी रस्त्यावरील जाळीशेजारी मासा रंगवलेला असतो, तो याची आठवण देण्यासाठी.

आता सकाळचे एक नेहमीचे दृश्य पाहावे. गृहनिर्माण संस्थेच्या फाटकापाशी कचऱ्याचे ड्रम रिकामे होतात. सफाई कामगार ते आडवे करतो, पाईप लावतो, फिनेल ओततो, खराट्याने घासतो. काळपट पाणी उताराने वाहत जवळच्या जाळीत शिरते. फाटक स्वच्छ होते, सर्वांना समाधान वाटते. परंतु ती जाळी बहुधा पावसाळी वाहिनीची असते. एकत्रित गटाराच्या शहरात हे पाणी निदान कोरड्या दिवसांत शुद्धीकरणाला जाते. विभक्त गटाराच्या शहरात ते कोणत्याही दिवशी, ऊन असो की पाऊस, खाडीतच जाते. अभियांत्रिकीच्या दृष्टीने अधिक विवेकी असलेली रचना या एका निरागस कृतीला अधिक घातक बनवते.

त्या पाण्यात असते तरी काय? कुजलेले अन्न, तेल, जंतू, नत्र व स्फुरद, आणि वरून ओतलेले जंतुनाशक. अन्नकण पाण्यातील सूक्ष्मजीव खातात आणि त्यासाठी पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. प्राणवायू घटला की मासे गुदमरतात. नत्र-स्फुरदाने शेवाळ आणि जलपर्णी माजते. फिनेल किंवा ब्लीच डब्यातील जंतू मारते, पण पाण्यात गेल्यावर मारण्याचे काम थांबवत नाही. एका डब्याचे पाणी नगण्य आहे, हे खरेच. परंतु नदी एका डब्याने कधीच मरत नाही.

६

या साऱ्या गोंधळात भाषेचाही एक वाटा आहे, आणि साहित्याच्या अभ्यासकांनी तो पाहावा असे वाटते. ‘पर्जन्यजलवाहिनी’ आणि ‘मलनिःसारण वाहिनी’ हे दोन शब्द पालिकेच्या कागदांत आहेत. बोलण्यात दोन्हींना ‘गटार’ हा एकच शब्द आहे. ज्याला शब्द एक, त्याची कल्पनाही एक होते. गटार म्हणजे घाण घेऊन जाणारे काहीतरी, ही खूणगाठ पक्की असल्यावर जाळीत घाण ओतण्यात अनौचित्य कोणाला वाटावे? तीच गत ओढ्याची. ज्याला लोक ओढा म्हणतात त्याच्या काठी कपडे धुतात, गुरे पाजतात. त्यालाच नाला म्हणू लागले की त्यात काहीही टाकायला मन धजावते. पाणी मरण्यापूर्वी त्याचे नाव मरते.

यावर कोणी म्हणेल की आपला जुना उकिरडा बरा होता: डबा नाही, धुणे नाही, आणि पेरणीपूर्वी सारे खत होऊन शेतात. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, या म्हणीत घाणीचे सोने होण्याची आशा आहेच. पण त्या गावगाड्यात सफाई आणि मृत जनावरे ओढण्याची कामे जन्माने नेमून दिलेली होती, आणि ज्यांच्या माथी ती होती त्यांना त्याच गावाच्या पाणवठ्याला हात लावण्याची बंदी होती. महाडच्या चवदार तळ्याचा १९२७ चा सत्याग्रह आठवला की पाणी ‘बाटणे’ या शब्दाचा आपण किती उलटा अर्थ केला होता ते कळते. माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटते असे मानणाऱ्या समाजाला, खरोखर ज्याने पाणी बिघडते त्या गोष्टी दिसल्याच नाहीत. तेव्हा उकिरड्याकडे परतणे हे उत्तर नव्हे.

उत्तर त्यामानाने साधे आहे, आणि ते पुबेलच्या सोडून दिलेल्या तीन पात्रांपाशीच सुरू होते. ओले वेगळे ठेवले तर एकच डबा मळतो. तळाशी जुना कागद किंवा सुका पाला घातला तर रस त्यातच मुरतो. डबा धुण्यापूर्वी तो कोरडाच खरवडावा आणि खरवड ओल्या कचऱ्यात टाकावी. मग लागते ते बादलीभर पाणी आणि थोडा साधा साबण. ते पाणी मोरीत किंवा शौचालयात ओतावे, म्हणजे ते सांडपाण्याच्या मार्गाने जाईल. फाटकावरच्या जाळीत ओतू नये. रसायनाऐवजी डबा उन्हात उपडा ठेवला तर बरेचसे काम ऊन करते. मोठ्या इमारतींत ड्रम धुण्यासाठी सांडपाण्याच्या चेंबरला जोडलेला ओटा असावा. फ्रान्सच्या आरोग्यनियमांत मोठ्या इमारतीच्या कचराखोलीत धुण्याची जागा आणि सांडपाण्याचा निचरा मागितलेला आहे, तो याचसाठी. आणि तो ओटा, तो नळ, हातमोजे हे सारे मागण्याचा अधिकार ज्याच्या हाती खराटा आहे त्याला असला पाहिजे. अन्यथा नदी वाचवण्याचे आणखी एक काम तेवढे त्याच्या पाठीवर चढेल.

मराठीत फुलझाड लावतात तीही कुंडी आणि कचरा टाकतात तीही कुंडी. फ्रेंचांना एका प्रिफेक्टचे नाव पुरले. आपल्याकडे एकाच शब्दात रुजणे आणि टाकणे शेजारी आहेत. आपल्या एका कुंडीतले दुसऱ्या कुंडीत जाते की खाडीत, हे ठरते डबा धुऊन झाल्यावर हातातली बादली कोठे रिकामी होते त्यावर.